बाष्पदाब आयन मोजतो का?

विषय रसायनशास्त्राचा असला तरी माझा आक्षेप तर्काबद्दल आहे, हे आधीच सांगतो.

राऊल्टचा नियम तुम्ही कॉलेजात पाठ केलेला असेल. पाण्यात काही विरघळवलं की पाण्याचा बाष्पदाब उतरतो, आणि किती उतरला त्यावरून विरघळलेले कण किती, ते काढायचं. साखरेच्या पातळ द्रावणात हे छान जमतं. 1887 मध्ये अऱ्हेनियसनं पुढचं पाऊल टाकलं: मीठ एकाहून जास्त कणांसारखं वागतं, तर तेवढा भाग आयनांत सुटा झाला असणार. (त्याचे आकडे गोठणबिंदूचे होते, तर्क तोच.)

हा तर्क जरा ताणून बघू. 25 अंश सेल्सिअसला एक किलो पाण्यात 1 मोल मीठ घातलं की बाष्पदाब 3.3 टक्के उतरतो. हिशेब येतो मिठाच्या दर एककामागे 1.9 कण, म्हणजे 90 टक्के मीठ सुटं. पटण्यासारखं आहे. आता 6 मोल घाला, जवळजवळ संपृक्त द्रावण. दाब 24 टक्के उतरतो. म्हणजे शंभरात पाणी 76, कण 24. किलोभर पाणी 55.5 मोल, तेव्हा कण साडेसतरा मोल. भागिले सहा: 2.9! सोडियम एक, क्लोराइड एक, मग हा तिसरा कोण? 190 टक्के मीठ तर सुटं होऊ शकत नाही.

मोजली गेली ती पाण्याची निसटण्याची ओढ. आयन पाणी धरून ठेवतात, एकमेकांना ओढतात, जागा अडवतात. सगळं एकाच आकड्यात येतं. मोजमापाला मी नावं ठेवत नाही, बरं का. समबाष्पदाब पद्धत तर देखणी आहे: हवा काढलेल्या बंद भांड्यात दोन द्रावणांच्या वाट्या, एक ओळखीच्या मिठाची. वाफ इकडून तिकडे जाते, दाब सारखा झाला की वाट्या फक्त तोलायच्या.

गडबड होते ती पुढे. 1948 मध्ये रॉबिन्सन आणि स्टोक्स यांनी आयनांनी बांधलेलं पाणी हिशेबात घेतलं. समीकरण उत्तम जुळलं. पण बांधलेल्या पाण्याचा आकडा ज्या वक्रावरून काढला, त्याच वक्राचं कारण म्हणून तो सांगायचा? फिर्यादीच साक्षीदार झाला की हो!

मॅग्नेशियम सल्फेटचे आयन जोडीनं राहतात की नुसते ओढले जातात, हे बाष्पदाब एकटा सांगू शकत नाही. तिथे आयगेन आणि टाम यांनी ध्वनीची साक्ष काढली. जोडी जुळायला-सुटायला ठरावीक वेळ लागतो, आणि त्या कंपनसंख्येजवळ अल्ट्रासाउंड जास्त शोषला जातो. समुद्राचं पाणी आवाज इतका गिळतं, त्यात या मिठाचा मोठा वाटा आहे.