स्वयंपाक करत नाहीत, की करता येत नाही?

आता बघा, स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत घरच्यांना जे प्रश्न विचारतात, ते आले कुठून? लॉटन आणि ब्रोडी यांची मोजपट्टी १९६९ची, अमेरिकेतली. (अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं तेही त्याच साली.) टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे, पैसे अशी आठ कामे. त्यांपैकी स्वयंपाक, घरकाम, धुणे यांत पुरुषांना तेव्हा गुणच नव्हते. म्हणजे काम न करणे आणि करता न येणे हा फरक त्यांनाही दिसत होता, पण उपाय ठोकळ होता.

हीच पट्टी वऱ्हाडात लावली की काय होतं? सून आली की चूल तिच्याकडे जाते. आजीनं पैशांचा हिशेब कधी केलाच नाही, तो आजोबांकडे. दोन कामांचे गुण गेले, डोकं शाबूत! उलटही घडतं, आणि ते आम्हाला जास्त घातक वाटतं. "बसा आई, आम्ही करतो" या मायेखाली हरवलेलं कसब झाकलं जातं. बाकीचं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून खपतं. मग कुणी खरेदीखतावर अंगठा घेतो, तेव्हा घर जागं होतं.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी, १९९०च्या दशकात वेगळी प्रश्नावली तयार झाली. सणवार लक्षात राहतात का? लग्नकार्यात मत देतात का? जेवून पुन्हा जेवायला मागतात का? हे प्रश्न आपल्या ओट्यावरचे आहेत. पण तीही घरच्यांच्या हो-नाहीवर चालते. काम कुठल्या पायरीवर अडतं, ते कळत नाही.

आमच्या मते कुरडयांबद्दल विचारावं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. चाळीस उन्हाळे हे केलेली बाई पाणी बदलायचं विसरली, की चीक हाताशी असताना पुढं काय म्हणून थांबली? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पुरुषांना पोळ्याची तयारी विचारा, कापसाच्या वेचणीचा हिशेब विचारा. आणि दर वेळी हेही: आधी करत होते का, कधी सोडलं, गुडघ्यांमुळे की विसरण्यामुळे?

अर्थात याला गुण किती द्यायचे, हे ठरवायला आधी धडधाकट म्हाताऱ्यांवर तपासून पाहावं लागेल. आणि अमरावतीत कुरडया विकत आणणाऱ्या घरात हा प्रश्न फुकट आहे. तिथे गॅस आणि मोबाइल पाहा. पण उत्तर एकट्या सुनेकडून घेऊ नका. शेजारणीलाही विचारा, उन्हाळ्यात सोऱ्या धरायला तीच तर यायची.