उसासा: दुःखाचा की हात टेकल्याचा?

आज एका अगदी छोट्या गोष्टीवर बोलायचंय. उसाशावर. आपल्या कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत एखाद्या पात्रानं उसासा टाकला की ते दुःखी आहे, असं आपण धरूनच चालतो. माझी तक्रार आहे ती या गृहीताबद्दल.

भरतमुनींपासून सुरुवात करू. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण रसाचे अनुभाव सांगितले आहेत. त्यांत अश्रू आहेत, तोंडाला कोरड पडणं आहे आणि निःश्वासही आहे. म्हणजे उसासा दुःखाच्या खात्यावर निदान तेव्हापासून मांडलेला आहे. पण आठ सात्त्विक भावांची यादी बघा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. इथं अश्रू आहेत, निःश्वास नाही! का नसावा? मला दिसतं ते असं: घाम ठरवून फोडता येत नाही, उसासा मात्र कुणालाही टाकता येतो. श्वास आपोआप चालतो आणि आपल्या ताब्यातही असतो. म्हणून उसासा धड शरीराचा नाही, धड मनाचा नाही.

शरीरशास्त्र काय म्हणतं? आपण साधारण दर पाच मिनिटांनी नकळत एक उसासा टाकतो. त्यात नेहमीच्या सुमारे दुप्पट हवा आत जाते आणि फुप्फुसांतले मिटलेले वायुकोश पुन्हा उघडतात. 2016 मध्ये फेल्डमन आणि क्रॅस्नो यांच्या गटांनी उंदरांच्या मेंदूत यामागची यंत्रणाही दाखवून दिली. मग उसासा म्हणजे फुप्फुसांची झाडलोट, एवढंच का? नाही. हे झालं त्याचं कारण. अर्थ ही वेगळी गोष्ट आहे. डोळे ओले राहावेत म्हणूनही पाणी येतं, त्यानं रडण्याचा अर्थ संपत नाही.

अर्थाकडे वळले ते नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल टायगेन. न सुटणारी कोडी लोकांना दिली, तर ती सोडवताना लोक उसासे टाकत होते, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना आणखी एक आढळलं: दुसऱ्याचा उसासा आपल्याला दुःखाचा वाटतो, स्वतःचा मात्र हात टेकल्याचा. या कामाला 2011 चं इग नोबेल मिळालं. म्हणजे आधी हसू यावं आणि मग विचार करावा, अशा संशोधनाचं बक्षीस. लोक हसले. आपण विचार करू.

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं. त्याचं सगळं करणारी सून ताट उचलताना उसासा टाकते. आपण म्हणतो, "बिचारी!" आणि दोन गोड शब्द बोलून मोकळे होतो. पण ती कदाचित दुःखी नसेलच. 'आता माझ्यानं होत नाही' एवढंच तिच्या श्वासानं सांगितलं असेल. तिला कीव नको असते, रात्रीची पाळी कुणीतरी घ्यायला हवी असते. "काय झालं?" विचारलं तर ती "काही नाही" म्हणेल, आणि ते खोटंही नसेल, कारण उसासा टाकल्याचं तिला ठाऊकच नाही.

तेव्हा लेखकानं, नटानं आणि आपणही उसासा ऐकला की एवढं बघावं: त्या आधी हातात कोणतं काम होतं, आणि ते किती दिवस चाललंय?