अतिथी, गिऱ्हाईक आणि अभिप्राय

कवितेचें परीक्षण होतें, नाटकाचें होतें. परंतु प्रवासी माणूस परगांवीं जेवतो, रात्र काढतो आणि परत आल्यावर त्या घराविषयीं चार ओळी लिहितो, त्या ओळींचें परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. आज हा लेखनप्रकार विपुल झाला आहे, आणि त्यांतील बऱ्यावाईट शब्दांवर कित्येक घरांची मिळकत अवलंबून राहूं लागली आहे. तेव्हां त्याचा विचार येथें करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

अकोले तालुक्यांतील राजूर हें या विचारास सोयीचें ठिकाण आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या तोंडाशीं वसलेलें हें बाजाराचें गांव. येथून पुढें भंडारदऱ्याला, रतनवाडीला, तसेंच पाचनईमार्गें हरिश्चंद्रगडाला जातां येतें. १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखरही याच परिसरांत. प्रवासी राजूरला थांबतो तो चहापुरता आणि येथील प्रसिद्ध पेढे घेण्यापुरता. त्याचा खरा मुक्काम पडतो तो पुढच्या वाड्यांवर, आणि तेथें पुष्कळदां एखाद्या महादेव कोळी कुटुंबाच्या राहत्या घरींच त्याची सोय होते. भाकरी, पिठलें, ठेचा, इंद्रायणीचा भात आणि निजावयास ओसरीवर सतरंजी. या पाहुणचाराचे पैसे घेतले जातात, आणि येथूनच परीक्षकाची अडचण सुरू होते. पैसे देणारा अतिथी हा केवळ अतिथी राहत नाहीं. आणि घरांत घेतलेलें गिऱ्हाईक हें निव्वळ गिऱ्हाईकही राहत नाहीं.

या घरांविषयींचे अभिप्राय वाचले असतां त्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. पहिला तक्रारीचा: जेवण उशिरां मिळालें, ऊन पाणी एकच बादली दिलें, मध्येंच वीज गेली. दुसरा स्तुतीचा: माणसें किती साधीं, किती भोळीं, पैशाचा मोह म्हणून नाहीं! पहिला वर्ग उद्धट वाटतो, दुसरा सुसंस्कृत. तथापि आमच्या मतें दुसऱ्यानें होणारा अन्याय अधिक सूक्ष्म आहे. पाहुणचार हा त्या माणसांचा स्वभावच आहे असें एकदां ठरलें, कीं त्यामागील श्रमांचा हिशेब करण्याचें कारण उरत नाहीं. मग पुढचा प्रवासी "घरचेंच तर जेवण" असें म्हणून दर पाडून मागतो, आणि यजमानानें पैशाची गोष्ट काढली, तर त्याचें भोळेपण नाहींसें झालें म्हणून हळहळतो.

या बाबतींत आम्ही स्वतः निर्दोष नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलांत राजूरच्या पुढें एका वाडीवर आम्ही उतरलों होतों. जेवणास फार वेळ लागला, तेव्हां वहींत "विलंब अक्षम्य" असे शब्द आम्हीं लिहूनही टाकले. थोड्या वेळानें घरची बाई डोईवर हंडा घेऊन चढण चढतांना दिसली. आम्हीं पाय धुण्यांत तिचें पाणी संपविलें होतें, आणि पुन्हां पाणी आल्यावांचून भाकरीचें पीठ मळलें जाणार नव्हतें. १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचें पाणी प्रवरेवाटे खालच्या उसाच्या मळ्यांस जातें. त्याच डोंगरांतील कित्येक वाड्यांना मात्र उन्हाळ्यांत पाण्याची वाट पाहावी लागते. आमचा अभिप्राय खोटा नव्हता; विलंब झाला होताच. पण त्या विलंबाचें कारण आम्ही स्वतः होतों, हें त्यांत कोठेंच नव्हतें.

इंग्लंडांतील खेड्यांच्या पबची येथें तुलनेसाठीं आठवण होते. आपला 'गुत्ता' हा शब्द त्यास लावणें बरोबर नाहीं. तें पुष्कळ अंशीं गांवाचें बैठकघर असतें. तेथें गिऱ्हाईक स्वतः उठून फळीपाशीं जातें व आपला पेला घेऊन येतें. वाढणाऱ्यास बक्षिसी देण्याचा प्रघात नाहीं. फार तर "तुम्हीही एक घ्या" असें म्हणतात. पब चालविणाऱ्यास 'लँडलॉर्ड', म्हणजे घरधनी, म्हणतात, आणि बेताल वागणाऱ्यास बाहेरची वाट दाखविण्याचा त्याचा अधिकार सर्वमान्य आहे. जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ सालीं 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पत्रांत 'द मून अंडर वॉटर' नांवाच्या आपल्या आवडत्या पबचें वर्णन केलें. तें लंडनच्या पबचें होतें. पण त्यानें प्रथम मान दिला तो पेयाला नव्हे, तर तेथील वातावरणाला. बोलणें ऐकूं येईल इतकी शांतता आणि नांवानें ओळखणाऱ्या वाढपिणी, असे एकेक गुण सांगून शेवटीं तो कबूल करतो कीं असा पब अस्तित्वांतच नाहीं. हा प्रामाणिकपणा आमच्या अभिप्रायलेखकांनीं घेण्यासारखा आहे. आपल्या मनांतील आदर्श कोणता आणि समोरचें घर कोणतें, हें ऑर्वेलनें वेगळें ठेविलें. आम्ही तीं दोन्ही एक करतों आणि मग पांचांपैकीं तीन तारे देतों.

अर्थात् दोन्हींत एक मोठा भेद आहे. पबांत नित्य येणारा गांवकरी आज वेडेंवाकडें बोलला तर उद्यां त्याच घरधन्यासमोर त्याला उभें राहावें लागतें. डोंगरांतला प्रवासी एका रात्रीचा. त्याच्या शब्दास उद्यांचें बंधन नाहीं. म्हणूनच तें त्यानें आपण होऊन पाळावयास हवें.

यावरून यजमानांवर टीकाच करूं नये असा अर्थ कोणी काढूं नये. दर आधीं न सांगणें, मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहावयास माणसें आलीं असतां प्रखर दिवे व कर्णे लावणें, घरच्या नाचणीची भाकरी सोडून शहरी पनीर पुढें करणें, हे दोष खरेच आहेत आणि ते स्पष्ट लिहिले पाहिजेत. धंदा करणाऱ्यास धंद्याचे नियम लावणें हाही त्याचा मानच आहे. मात्र जो दोष लिहावयाचा तो घरधन्याच्या हातचा असावा. डोंगराचा, उन्हाळ्याचा किंवा आपल्याच सवयींचा नसावा.

चांगल्या अभिप्रायांत किती पैसे दिले, काय मिळालें आणि तें मिळावें म्हणून घरांतील कोणास काय करावें लागलें, या तीन गोष्टी आल्या तरी पुरे. त्या वाचून पुढचा प्रवासी पाणी जपून वापरील आणि ठरलेला दर कुरकूर न करतां देईल. राजूरच्या डोंगरांतील त्या घरधनिणीला भोळेपणाच्या प्रशस्तीपेक्षां तेवढें अधिक उपयोगी पडेल.