चित्राखालची ओळ

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानांतून रात्री जमिनीचे फोटो काढता यावेत म्हणून कोडॅक कंपनीने एक भिंग तयार केले होते. त्याचे नाव एरो-एक्टार. नाभीय अंतर १७८ मिलिमीटर आणि छिद्र एफ २.५. विमानातून प्रखर उजेडाचा बॉम्ब खाली सोडायचा आणि तो फुटून क्षणभर जो प्रकाश पडेल तेवढ्यात फोटो उरकायचा, असे ते काम होते. त्यामुळे भिंग मोठे आणि भरपूर प्रकाश गोळा करणारे असणे भाग होते. युद्ध संपल्यावर लष्कराचे जादा सामान विक्रीला निघाले, त्यात ही भिंगेही आली. अजूनही ती परदेशातल्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसतात. त्यांना गिऱ्हाइके दोन प्रकारची. एक जुन्या विमानांचे शौकीन आणि दुसरे, थोड्या पैशांत आकाशाचे फोटो काढू पाहणारे हौशी.

या भिंगाच्या काचेत थोरियम ऑक्साइड मिसळलेले असते. थोरियमच्या किरणोत्साराने काच वर्षानुवर्षे हळूहळू पिवळी पडत जाते. विमानांच्या शौकिनाला हा पिवळेपणा म्हणजे भिंगाच्या वयाचा दाखलाच वाटतो. आकाशाचे फोटो काढणारा मात्र ते भिंग अतिनील दिव्याखाली ठेवून पिवळेपणा घालवतो, कारण त्याला निळा प्रकाश हवा असतो. (असे भिंग शाळेत आणून मुलांच्या हाती देऊ नये, आणि डोळ्याशी धरून त्यातून पाहण्याचा मोह तर कोणीच करू नये.) दोघांचेही वागणे त्यांच्या जागी योग्य आहे. पण स्वस्तातल्या खगोलछायाचित्रणाचा सध्या जो सुकाळ झाला आहे, त्याबद्दलची आमची तक्रार या पहिल्या गिऱ्हाइकाकडे पाहिले की नेमकी मांडता येते.

जुनी विमाने जपणारी माणसे हट्टी असतात. एखाद्या स्क्रूचा आटा त्या काळचा नाही म्हणून महिनाभर अडून बसतील. त्यांचा हा हट्ट पुष्कळदा हास्यास्पदही होतो. काही ठिकाणी तर मूळ विमानाची नावाची पट्टी तेवढी हाती असते आणि तिच्याभोवती सगळे विमान नव्याने बांधून त्याला जुने म्हटले जाते. ही मखलाशी आम्हाला पटत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. उडण्याच्या स्थितीत ठेवलेल्या विमानाला लॉगबुक ठेवावेच लागते. कोणता भाग बदलला, केव्हा बदलला, कोणी बदलला, हे त्यात लिहिलेले असते. २०१८ साली भारतीय हवाई दलाला भेट मिळालेल्या डाकोटाचे उदाहरण घ्या. त्यावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन जी विमाने श्रीनगरला उतरली, त्यांतल्या एका विमानाचा हा क्रमांक. भेट मिळालेले विमान मात्र ते नव्हे. भंगारात निघालेले एक वेगळे डाकोटा राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये विकत घेतले, इंग्लंडमध्ये त्याची दुरुस्ती करवून घेतली, आणि जुन्या विमानाची आठवण म्हणून त्याला तो क्रमांक दिला. ही हकिगत उघड सांगितलेली आहे. त्यामुळे विमानाची शोभा काडीइतकीही कमी होत नाही.

आता आकाशाच्या फोटोंकडे वळू. थोड्या पैशांत आणि उसन्या सामानावर मोठे काम होते, हे सांगायला आजची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. १८८२ च्या सप्टेंबरमध्ये एक मोठा धूमकेतू दिसू लागला, तेव्हा केप ऑफ गुड होपच्या वेधशाळेत डेव्हिड गिल हे प्रमुख होते. आकाशाचे फोटो काढण्याजोगे सामान त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी गावातल्या एका फोटोग्राफरचा कॅमेरा, माणसांच्या तसबिरी काढायच्या भिंगासकट, दुर्बिणीवर बांधला आणि दुर्बीण धूमकेतूबरोबर फिरवत ठेवून फोटो घेतले. काही फोटोंना तासाहून अधिक वेळ दिला होता. धूमकेतू छान आला, पण त्याच्या मागे अनेक तारे उमटले होते. ते कोणी मागितले नव्हते. गिल यांनी त्या ताऱ्यांकडे पाहिले आणि दक्षिण आकाशाची ताऱ्यांची यादी फोटोंवरूनच करायचे ठरवले. हॉलंडमध्ये काप्टाइन यांनी त्या काचा मोजल्या. १८९६ ते १९०० या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत ४,५४,८७५ तारे आहेत.

दुसरे उदाहरण एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांचे. गरिबीमुळे लहान वयातच ते नॅशव्हिलमधल्या एका फोटोग्राफरकडे कामाला लागले. पुढे लिक वेधशाळेत आल्यावर १८८९ पासून त्यांनी आकाशगंगेचे जे फोटो काढले, ते वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीने काढलेले नाहीत. त्यासाठी त्यांनी सहा इंच व्यासाचे, जुने, तसबिरींचेच एक भिंग वापरले. त्यातून आकाशाचा मोठा तुकडा एका वेळी मावे. तासन् तास डोळा लावून, हाताने दुर्बीण सावरत त्यांनी ते फोटो घेतले. त्यांत तेजस्वी आकाशगंगेच्या मधोमध काळे डाग दिसत होते. ही आकाशातली भोके आहेत की मध्ये काही आडवे आले आहे, याचा निकाल लागायला बर्नार्ड यांना स्वतःलाही कित्येक वर्षे लागली. १९१९ साली त्यांनी १८२ काळ्या खुणांची यादी छापली. ताऱ्यांच्या मध्ये धूळ आहे, ही आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येणारी गोष्ट अशा फोटोंमधून पुढे आली. त्याच भिंगाने १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये काढलेल्या एका फोटोत त्यांना एक अस्पष्ट रेघ दिसली. तो धूमकेतू निघाला. फोटोवरून सापडलेला तो पहिला धूमकेतू.

ही दोन्ही चित्रे मोलाची ठरली ती त्यांत जे आपसूक आले होते त्यामुळे. गिल यांच्या फोटोत मागचे तारे आणि बर्नार्ड यांच्या फोटोत काळे डाग आणि एक रेघ. आजच्या हौशी फोटोग्राफरच्या संगणकावर नेमके हेच पुसून टाकणारे प्रोग्रॅम असतात. तेजोमेघ उठून दिसावा म्हणून तारे काढून टाकणारा प्रोग्रॅम आहे. शहराच्या उजेडाचा पडदा वजा करणाराही आहे. तो हावरेपणाने वापरला तर खरा काळा ढग पुसला जातो, किंवा नसलेला उभा राहतो. एकाच दृश्याचे पुष्कळ फोटो एकमेकांवर बसवून सरासरी घेण्याची रीत मात्र आम्हाला मनापासून मान्य आहे. सोळा फोटोंची सरासरी घेतली की त्यांतले अनियमित चढउतार चौथ्या हिश्श्यावर येतात. हे शुद्ध संख्याशास्त्र आहे, अकरावीच्या मुलाला समजावून देता येते, आणि महागड्या दुर्बिणीची उणीव त्याने बरीचशी भरून निघते. पण त्याच प्रोग्रॅममध्ये आणखी एक सोय असते. जो ठिपका बाकीच्या फोटोंशी जुळत नाही तो टाकून द्यायचा. उपग्रहांच्या रेघा काढायला ती उपयोगी पडते. मात्र एका फोटोतून दुसऱ्या फोटोत सरकलेला लघुग्रह किंवा धूमकेतू तिच्या दृष्टीने केरकचराच असतो. सोय वापरू नये असे आम्ही म्हणत नाही. ती वापरली आहे असे चित्राखाली लिहावे, आणि न पुसलेले मूळ फोटो जपून ठेवावेत. लॉगबुक ते याहून वेगळे काय असते?

हौशी मंडळी यावर म्हणतील की मोठे शास्त्रज्ञ तरी कुठे काय लिहितात. हा आक्षेप अर्धा खरा आहे. हबल दुर्बिणीने १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेले गरुड तेजोमेघाचे स्तंभ आता कॅलेंडरांवर, वह्यांच्या पुठ्ठ्यांवर सर्वत्र असतात. त्यात गंधकाच्या आयनांच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या आयनांच्या प्रकाशाला निळा रंग दिलेला आहे. प्रत्यक्षात हायड्रोजनची ती रेषा ६५६ नॅनोमीटरवर म्हणजे लाल रंगात येते, आणि गंधकाची ६७२ च्या आसपास, तीही लालच. डोळ्याला त्यांत फरक करता आला नसता, म्हणून शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळे रंग दिले. नकाशात समुद्र निळा आणि डोंगर तपकिरी रंगवतात तसेच हे आहे, आणि मूळ चित्राबरोबर ही किल्ली प्रसिद्धही झाली होती. कॅलेंडर छापणाऱ्याने ती गाळली. म्हणून आमची तक्रार चित्रापेक्षा त्याखालची ओळ कापणाऱ्यावर अधिक आहे.

ती ओळ कापल्याने काय बिघडते हे आकाशदर्शनाला मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना पुरते ठाऊक आहे. थंडीत तासभर रांगेत उभे राहून मूल सहा इंची दुर्बिणीला डोळा लावते. मृगातला तेजोमेघ समोर असतो, राखाडी, फुंकर मारलेल्या धुरासारखा. "एवढंच?" असे म्हणून ते बाजूला होते. मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, हे त्याला कोणी आधी सांगितलेले नसते. त्याने पाहिलेल्या प्रत्येक चित्रात तो तेजोमेघ गुलाबी आणि जांभळा होता. आता त्याला वाटते, शाळेची दुर्बीण फालतू आहे, किंवा आपले डोळे. खऱ्या आकाशावरचा त्याचा विश्वास एका चित्राने कमी केलेला असतो.

मागे एका विज्ञान प्रदर्शनात आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो. एका विद्यार्थ्याने याच तेजोमेघाचे मोठे, झगझगीत चित्र मांडले होते. एक्स्पोजर किती, रंग कसे आले, यांपैकी काहीही त्याला सांगता आले नाही. काय काय केले ते प्रोग्रॅमला माहीत होते. शेजारी एका मुलीचा फोटो होता. गच्चीवर कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून, चार मिनिटे झडप उघडी ठेवून तिने मृगाचा फोटो काढला होता. ताऱ्यांच्या जागी आखूड रेघा. मृगाच्या पट्ट्यातल्या टोकाच्या दोन ताऱ्यांमधला कोन सुमारे २.७ अंश असतो हे तिने पुस्तकातून घेतले, फूटपट्टीने ते अंतर आणि रेघेची लांबी मोजली, आणि त्रैराशिकाने पृथ्वीला एका फेरीला किती वेळ लागतो ते काढले. पट्टा खगोलीय विषुववृत्ताला लागून असल्याने हा हिशेब चालतो. उत्तर सुमारे अर्ध्या तासाने चुकले होते आणि ते का चुकले असावे तेही तिने लिहिले होते. पहिले बक्षीस झगझगीत चित्राला गेले. आम्ही अल्पमतात होतो आणि अजूनही आमचे मत तेच आहे.

तिला पुढची पायरी गाठायची असती तर खर्च फारसा नव्हता. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती कोणताही सुतार करून देईल. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या, बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा (पुण्यात तो क्षितिजापासून साडेअठरा अंश वर, नागपुरात एकवीस), आणि बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर एक मिलिमीटर आट्याचा, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा नेहमीचा बोल्ट बसवून तो मिनिटाला एक फेरा या गतीने फिरवायचा. हा आकडा पृथ्वीच्या २३ तास ५६ मिनिटांच्या फेरीतून येतो आणि तो काढणे हाच एक धडा आहे. वरच्या फळीवर कॅमेरा ठेवला की पाच-दहा मिनिटे तारे ठिपक्यासारखे राहतात. या फळ्यांवरून मिळालेला साधा फोटो आम्हाला त्या झगझगीत चित्रापेक्षा अधिक आवडेल, कारण त्यातला प्रत्येक दोष कुठून आला हे काढणाऱ्याला ठाऊक असते.

फोनची गोष्ट आणखी वेगळी. २०२३ च्या मार्चमध्ये एकाने चंद्राचा फोटो मुद्दाम १७० गुणिले १७० बिंदूंइतका लहान आणि धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि दूर उभे राहून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. पडद्यावर नसलेले तपशील फोनच्या चित्रात उमटले. आपला प्रोग्रॅम चंद्र ओळखतो आणि तपशील उठावदार करतो, असा कंपनीचा खुलासा आला. हे जमते कशामुळे? चंद्र नेहमी साधारण एकच बाजू आपल्याला दाखवतो, म्हणून प्रोग्रॅमला त्याचे रूप शिकवून ठेवता येते. दुरुस्त केलेल्या विमानाला निदान स्वतःचे पंख तरी असतात. इथे कधी कधी आठवणीचाच फोटो हाती येतो, आणि त्याखाली तसे लिहिलेले नसते.

चंद्रावर एक स्वस्त आणि बनवता न येणारा प्रयोग मात्र करता येतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरचे भिंग लावले की चंद्राची प्रतिमा सुमारे १.८ मिलिमीटर रुंद पडते. कॅमेऱ्यातला एकेक बिंदू ४.३ मायक्रॉनचा असेल तर हे सुमारे ४२० बिंदू झाले. पंचांगात किंवा सूचीत चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत दूर कोणत्या दिवशी आहे ते पाहावे आणि त्या दोन दिवशी त्याच भिंगाने फोटो घ्यावेत. व्यासात सरासरी १२ टक्के, म्हणजे चाळीस ते पन्नास बिंदूंचा फरक पडतो. चंद्र अर्धा असला तरी चालते. शिंगांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे. फोनच वापरायचा असेल तर दृश्य आपोआप सुधारणारी सोय बंद करावी, फोन दुर्बिणीच्या नेत्रिकेवर घट्ट बसवावा, झूम दोन्ही दिवशी तेवढाच ठेवावा. फोटोखाली तारीख, वेळ, भिंग आणि मोजलेले बिंदू विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहावेत.