मिसरातील सुतार

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी महामारीच्या ऐन काळात, ८ डिसेंबर २०२० रोजी, संत योसेफाविषयीचे 'पात्रिस कोर्दे' हे प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. त्याच्या सात लहान भागांपैकी सहाव्याकडे, कष्टकरी पित्याच्या चिंतनाकडे, वाचक साहजिकच आधी वळतो. कोविडमुळे वाढलेल्या बेकारीचा उल्लेख तेथेच आहे. काम म्हणजे तारणकार्यातील सहभाग, असे पोप महोदय तेथे म्हणतात. विचार उदात्त खरा. पण ज्याचे कामच गेले, त्याने तो कसा वाचावा? लोकल थांबल्या, हॉटेले बंद पडली, आखातातून माणसे परतली. त्या दिवसांत घरी बसलेल्या कर्त्या पुरुषाला हा विचार दिलाशापेक्षा टोचणीच वाटला असता. (अग्रक्रम तपासण्याचे आवाहन पोप महोदय सर्वांनाच करतात, प्रवचनांत मात्र ते अनेकदा बेकारालाच ऐकवले जाते!)

आमच्या मते पत्राचे खरे बळ आधीच्या, पाचव्या भागात आहे. मिसरातील वास्तव्याविषयी मत्तय जवळजवळ मौनच बाळगतो. पोप महोदय साधी गोष्ट आठवून देतात: त्या कुटुंबालाही तेथे अन्न, निवारा आणि काम हवेच होते. आम्ही एवढीच भर घालू की, गिऱ्हाईक, ओळख, पत सारे मागे टाकून आलेला तो सुतार परमुलखात पहिल्या दिवशी बेकारच होता, आणि तारणारा त्याही दिवशी त्याच्याच कडेवर होता. पाचव्या भागाच्या उजेडात सहावा वाचला, तर तो सहभाग मजुरीवर अवलंबून राहत नाही. पत्र स्वतः हा सांधा उघडपणे जुळवीत नाही. तेवढी उणीव आम्हांला जाणवली.