मूक प्रश्नचिन्हे

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा आणि तो बाइटच्या रूपात कसा लिहायचा, हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग. १९६३ सालच्या आस्की पद्धतीत अवघे १२८ संकेत आहेत; त्यांत देवनागरीला जागा नाही. युनिकोडमध्ये 'श' या अक्षराचा क्रमांक २३५८ आहे. 'शाळा' या शब्दात श, काना, ळ, काना असे चार संकेत येतात. ते लिहायला यूटीएफ-१६ मध्ये ८ बाइट लागतात, तर यूटीएफ-८ मध्ये १२.

कमांड लाइनवर टाइप केलेल्या आज्ञेचे उत्तर पडद्यावर दिसते, फाइलीत जाते किंवा दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती दिले जाते. प्रत्येक वेळी एन्कोडिंग कोणीतरी निवडलेले असते, बहुधा आपल्याला न विचारता. ही निवड कशी नसावी, याचा नमुना म्हणजे विंडोज पॉवरशेल ५.१.

यात '>' हे चिन्ह वापरून उत्तर फाइलीत वळवले तर फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. 'सेट-कंटेंट' ही आज्ञा दिली तर संगणकावर ठरलेले जुने कोड पेज वापरले जाते. 'एक्स्पोर्ट-सीएसव्ही' या आज्ञेने तक्ता लिहिला, किंवा मजकूर बाहेरच्या प्रोग्रामकडे पाठवला, तर आस्की! साधन एकच, पण मार्ग बदलला की भाषा बदलते.

यांपैकी यूटीएफ-१६ ची निवड समजण्याजोगी आहे. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीने आतून १६ बिटांचे युनिकोडच स्वीकारले होते. खरा दोष आस्कीचा आहे. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी '?' लिहिला जातो आणि काम पुढे चालू राहते. 'शाळा'चे होते ????, आणि 'मुले'चेही ????. या दोन फायलींत आता काहीच फरक उरला नाही. मूळ शब्द कोणता होता, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकणार नाही. यूटीएफ-८ ची फाइल चुकीच्या पद्धतीने उघडली तरी पडद्यावर विचित्र चिन्हे दिसतात, पण फाइलीतील बाइट शाबूत असतात. योग्य पद्धत निवडली की अक्षरे परत येतात. पहिली हानी कायमची, दुसरी केवळ दिसण्यापुरती. विंडोजचे जुने नोटपॅडसुद्धा अशी अक्षरे गमावण्यापूर्वी सूचना देत असे; येथे तेवढेही नाही.

जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या पॉवरशेल ६ ने सर्वत्र यूटीएफ-८ स्वीकारले. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेली ही पद्धत आस्कीच्या फायली जशाच्या तशा वाचते. देवनागरीला तीत दर संकेतामागे तीन बाइट पडतात, म्हणजे यूटीएफ-१६ च्या दीडपट. हा भुर्दंड मान्य करूनही निवड योग्यच म्हणावी लागेल, कारण त्या बदल्यात एकही अक्षर गमवावे लागत नाही.

मात्र विंडोज ११ सोबत अजूनही ५.१ हीच आवृत्ती येते. जुन्या आज्ञावल्या मोडू नयेत, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. पण गप्प राहून अक्षरे पुसण्याचे समर्थन त्याने होत नाही. तोवर विद्यार्थ्यांच्या नावांची यादी लिहिताना आज्ञेत यूटीएफ-८ चा स्पष्ट उल्लेख करावा, आणि तयार झालेली फाइल उघडून पाहिल्याशिवाय मूळ यादी पुसू नये.