सांगलीचा मजकूर, साताऱ्याची टेप

ओवी घोळवावी तशी मी ही ओळ वर्षानुवर्षे घोळवत आलो आहे:

एसएसएच सांगली 'टार सीएफ - /होम | जीझिप | जीपीजी -ई -आर तिजोरी' | डीडी ओएफ=/डेव्ह/एनएसटी० ओबीएस=६४के

साताऱ्याच्या युनिक्स यंत्राने रात्री सांगलीच्या यंत्राला हाक मारायची आणि तिथल्या फायली बांधून, दाबून, कुलूप घालून आपल्या टेपवर उतरवायच्या, हा तिचा सरळ अर्थ. सांगलीत त्याची गरज कोणाला समजावावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फुटांची. यंत्राशेजारच्याच कपाटात ठेवलेली टेप यंत्राबरोबरच बुडते. सातारा त्याच कृष्णेच्या वरच्या अंगाला, पण शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले.

हाक साताऱ्याने मारायची, सांगलीने नाही, ही ओळीतली पहिली खुबी. सांगलीच्या यंत्रात कोणी घुसलाच, तर त्याच्या हाती टेपपर्यंतची वाट लागत नाही. पूर्वी हीच हाक जुन्या आरएसएचमधून मारली जाई आणि सगळा मजकूर तारेवर उघडाच जाई. १९९५ साली फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी एसएसएच लिहिले आणि वाट झाकली गेली.

टार १९७९ च्या सातव्या युनिक्समधला, नावातच टेप घेऊन आलेला. त्याच्यापुढे फाइलचे नाव यायचे तिथे नुसती आडवी रेघ आहे. कुठे साठवू नकोस, पुढे दे, असे ती सांगते. तिच्यानंतरची उभी रेघ म्हणजे पाइप: कल्पना मॅकिलरॉय यांची, १९७३ साली ती युनिक्समध्ये उतरवली केन थॉम्पसन यांनी. या दोन रेघांमुळे गठ्ठ्याची उघडी प्रत वाटेत कुठल्याच डिस्कवर पडून राहत नाही. क्रमही हलवता येत नाही. आधी दाबायचे, मग कुलूप. कुलूपबंद मजकूर विस्कटलेला असतो, तो दाबला जात नाही.

माझे मन सगळ्यात जास्त रमते ते 'तिजोरी' या शब्दापाशी. हे मी किल्लीला दिलेले नाव. जीपीजीची किल्ली जोडीने येते: एक कुलूप लावणारी, दुसरी उघडणारी. सांगलीच्या यंत्राकडे फक्त लावणारी असते. म्हणजे जो गठ्ठा ते रोज रात्री स्वतः बांधते, तो त्याला स्वतःलाही सोडता येत नाही! एसटीच्या प्रवासात टेप हरवली, कपाटातून चोरीला गेली, तरी वाचणाऱ्याला काही कळणार नाही. उघडणारी किल्ली मात्र त्या टेपवर किंवा सांगलीच्या यंत्रात असता कामा नये. वेगळ्या जागी, दोन प्रतींत, एक कागदावर छापलेली.

शेवटच्या शब्दांत, टेपवर लिहिणाऱ्या डीडीपाशी, जाणकाराचा हात दिसतो. 'एनएसटी'मधल्या 'एन'मुळे लिहून झाल्यावर टेप उलटी गुंडाळली जात नाही, पुढचा गठ्ठा मागच्यावर चढत नाही. आणि 'बीएस' न लिहिता 'ओबीएस' लिहिले आहे. पाइपमधून मजकूर तुकड्यातुकड्यांनी येतो. 'बीएस' असते तर ते तुकडे तसेच टेपवर गेले असते. 'ओबीएस' ६४ किलोबाइट भरेपर्यंत थांबतो.

दोष दोन आहेत. लाइन मंद असली की टेप थांबते, मागे येते, पुन्हा धावते आणि झिजते. मेरीलँड विद्यापीठात घडलेला अमांडा हा बॅकअपचा प्रोग्रॅम आधी डिस्कवर जमवून मग एका दमात टेपवर लिहितो. इथे तो मला जास्त आवडतो. दुसरा दोष घातक. पाइपच्या मांडणीत यश-अपयश सांगतो तो शेवटचा डीडी. तिकडे टार अर्ध्यात कोसळला तरी इकडे सगळे आलबेल दिसते. मी स्वतः अशी एक टेप आठवडाभर भरलेली समजून जपली होती.

तेव्हापासून दर शनिवारी ओळ शेवटाकडून वाचतो. टेप मागे घ्यायची, डीडीने उचलायची, जीपीजीने सोडवायची, फुगवायची आणि टारला म्हणायचे, नावे दाखव. पडद्यावर सांगलीच्या फायलींची नावे सरकू लागतात. शेवटचे नाव येईपर्यंत मी खुर्ची सोडत नाही.